वीतभर कातळ

आजच्या मननाला विषय मोठा आहे आणि जागा लहान. एकाच ठिकाणी, एकाच पावसावर, एकाच मातीत इतक्या वेगवेगळ्या जाती एकत्र राहतात कशा, हा विषय. जागा साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, कासच्या सड्यावरची एक वीत. समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास उंचीवर जांभ्या दगडाचं हे पठार पसरलं आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासचाही समावेश झाला. या परिसरात फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जातींची नोंद आहे.

हे आकडे एकदा वाचा आणि बाजूला ठेवा. आपल्याला वीतभर जागेपुरतंच बघायचं आहे. वाचताना घाई करू नका. मध्येच डोळे मिटावेसे वाटले तर मिटा.

आधी मे महिना डोळ्यांसमोर आणा. दुपारची वेळ. कातळ काळपट तांबडा, भोकाभोकांचा, अनवाणी उभं राहवणार नाही इतका तापलेला. सावलीला झाड नाही. खळग्यांत वाळलेल्या गवताच्या काड्या आणि चिमूट-चिमूट माती. दगडावर जागोजागी काळे डाग दिसतील. ते नीट बघा, कारण ते जिवंत आहेत. नीलहरित शेवाळं आणि दगडफुलं तिथे वाळून, पापुद्रे होऊन पडलेली आहेत. खळग्यांतल्या बोटभर मातीखाली कंद आहेत, आणि मातीत मिसळलेलं, डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक बी आहे. नवखा माणूस म्हणेल, इथे काहीच नाही. महसुली कागदांवरही अशा जमिनी बहुधा पडीक किंवा पोटखराबा म्हणूनच लागलेल्या असतात.

आता पाऊस येऊ द्या. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खाली कातळ असल्यामुळे सगळं पाणी मुरत नाही. ते खळग्यांत साचतं, उतारावरून पातळ थरानं वाहत राहतं, भेगांत शिरतं. काळे डाग काही वेळातच ओले होऊन हिरवट दिसू लागतात.

आणि आता सप्टेंबरमध्ये या. एका उथळ खळग्याच्या काठाशी, कुठल्याही रोपावर पाय पडणार नाही असं बघून, उकिडवं बसा. वीत पसरून जमिनीच्या जरा वर धरा. तेवढ्यात मावतं काय ते बघत राहा. पांढऱ्या गोल बोंडांचे गेंद. त्यांच्यामध्ये निळसर जांभळी, नखाएवढी सीतेची आसवं. एखादा दवबिंदू, पानांवरच्या तांबूस केसांच्या टोकाला चिकट थेंब घेऊन. बाजूला थोडी माती साठली आहे तिथे तेरडा. दोन प्रकारचं गवत, एखादी लव्हाळ्यासारखी काडी, दगडाला धरून शेवाळ. नावं येत नसली तरी चालेल. हे वेगळं, ते वेगळं, एवढं कळलं तरी पुरे.

यातलं कुणीतरी एक बाकीच्यांना हुसकून का लावत नाही?

हा प्रश्न साधा वाटतो, पण थोडा वेळ त्याच्यापाशी बसा. प्रत्येक झाडाला ऊन हवं, पाणी हवं, थोडं नत्र, थोडं स्फुरद हवं. सगळ्यांची भूक जवळपास एकच. मग त्या भुकेत जो जराही सरस असेल तो हळूहळू सगळी जागा व्यापेल आणि बाकीचे नाहीसे होतील, असा साधा हिशेब आहे. मॉस्कोच्या गाउझ या तरुण शास्त्रज्ञानं तो प्रयोगशाळेत करून बघितला आणि १९३४ मध्ये पुस्तकात मांडला. पॅरामेशियम या एकपेशीय जिवाच्या दोन जाती त्यानं एकाच भांड्यात, एकाच खाद्यावर वाढवल्या. वेगवेगळ्या ठेवल्या तेव्हा दोन्ही सुखानं वाढल्या. एकत्र ठेवल्यावर एक उरली, दुसरी संपली.

भांड्यात असं होतं, सड्यावर होत नाही. १९५९ मध्ये जी. ई. हचिन्सन यांनी हीच अडचण एका निबंधात मांडली. सिसिलीत सांता रोझालिया या संत स्त्रीच्या देवस्थानाखाली एक तळं आहे. त्यात पाणकिड्यांच्या दोन जवळच्या जाती एकत्र नांदताना त्यांनी पाहिल्या आणि विचारलं, दोनच का? वीस का नाहीत, दोनशे का नाहीत? गेली साठ-सत्तर वर्षं परिसरशास्त्रातले उत्तमोत्तम लोक याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. माझ्या मते या शास्त्रात याहून सुंदर प्रश्न नाही.

पुन्हा वितीकडे या. या वेळी फुलं बघू नका, पाणी बघा. काठाला कातळ फक्त ओलसर आहे. तिथे मातीच नाही, म्हणून तिथे शेवाळ. बोटभर आत माती नखाएवढ्या जाडीची आणि सतत भिजलेली आहे. तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदू. आणखी आत दोन-तीन बोटं माती, वर पाण्याचा थर. तिथे गेंद. गेंदाचं एखादं मूळ उघडं पडलेलं दिसलं तर ते पांढरं, आडव्या पडद्यांचं, आत हवा भरलेलं असतं. चिखलात श्वास कोंडू नये म्हणून त्यानं केलेली ती सोय आहे. पलीकडे माती जाड होते तिथे तेरडा आणि गवतं. भेगेत मूळ खोल जाऊ शकतं, तिथे झुडपं. आणि खळगा गुडघाभर खोल असेल तर त्यात वायतुरा सापडेल. पाण्याखाली कंद आणि पाण्यावर दोन फाट्यांचा फिकट जांभळा तुरा असलेली ही वनस्पती १९८२ मध्ये शास्त्राच्या पुस्तकात नोंदली गेली, तीही साताऱ्याचं नाव घेऊन. सह्याद्रीच्या उत्तर भागातले मोजके सडे सोडले तर ती जगात कुठेही नाही.

पाण्याच्या आणि मातीच्या खोलीतला बोटभराचा फरक इथे एका जातीला घर देतो आणि दुसरीला नाकारतो. आपल्याला सपाट दिसणारा सडा झाडांना सपाट नाही. गाउझच्या भांड्यात सगळीकडे सारखंच पाणी होतं. इथे एका वितीत चार-पाच तऱ्हांचं पाणी आहे.

आता तीच वीत तिथेच ठेवा आणि महिने सरकू द्या. पहिल्या पावसांबरोबर कंदवाले वर येतात: दीपकाडी, मुसळी, थोड्या वेळानं चवर. त्यांनी शिदोरी आधीच साठवलेली असते, म्हणून बी रुजण्याची वाट त्यांना बघावी लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमऱ्या येतात. मग गेंदांचा पांढरा आणि आसवांचा जांभळा रंग. सप्टेंबर सरता सरता कवला आणि सोनकी सगळं पिवळं करून टाकतात. उतारांवरची कारवी सात-आठ वर्षं नुसती पानं काढते, मग एका पावसात सगळी मिळून फुलते, बी टाकते आणि मरते. एका विहिरीवर गावानं पाळ्या लावून पाणी घ्यावं, तसं हे चाललेलं असतं. जागा तीच, भांडण कमी, कारण वेळ वेगळी.

पण या पाळ्यांवर फार भार टाकू नका. सप्टेंबरमध्ये त्या एका वितीत आठ-दहा जाती एकाच आठवड्यात फुललेल्या असतात, त्यांची पाळी एकच असते. म्हणजे अजून काहीतरी आहे.

ते काय, हे कळायला सीतेच्या आसवांच्या मुळाशी जाऊ या. खरं तर या वनस्पतीला मूळ नाहीच. ओल्या मातीत तिचे दोऱ्यांसारखे फाटे पसरलेले असतात आणि त्यांवर खसखशीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनही बारीक पिशव्या लागलेल्या असतात. प्रत्येक पिशवीला एक झडप. पिशवी आतलं पाणी बाहेर काढून टाकते, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जातात आणि आत पोकळी तयार होते. मातीतल्या पाण्यात पोहणारा एखादा सूक्ष्म जीव झडपेजवळच्या केसांना लागला की झडप आत उघडते, पाणी आणि तो जीव एकदम आत खेचले जातात, झडप मिटते. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी हे सगळं होऊन गेलेलं असतं. मग आत पाचक रस सुटतात.

एवढा खटाटोप एका नाजूक फुलझाडानं का करावा? शेजारचा दवबिंदू चिकट थेंबांवर माशा का धरतो? कारण या मातीत नत्र आणि स्फुरद फार थोडं आहे. जे होतं ते पावसानं पिढ्यान्‌पिढ्या धुऊन नेलं. इथली माती गरीब आहे.

या गरिबीवर थोडं रेंगाळा. मला वाटतं, कासचं मर्म इथे आहे, आणि ते आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट जातं.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे १८५६ मध्ये लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडले. काही तुकड्यांना वेगवेगळी खतं दरवर्षी द्यायची, काहींना काहीच द्यायचं नाही, आणि चारा किती वाढतो ते मोजायचं, एवढाच बेत होता. तो प्रयोग आजही चालू आहे. चारा वाढला, यात शंका नाही. पण काही वर्षांतच तुकडे ओळखू येईनात इतके वेगळे झाले. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्या तुकड्यांत चाळीसच्या आसपास जाती टिकून राहिल्या. जिथे नत्राचं खत वर्षानुवर्षं भरपूर पडलं आणि माती आंबट होत गेली, त्यांतल्या काही तुकड्यांत दोन-तीन जातींचं दाट गवत उरलं. खतानं वाढलं ते वजन. जाती गेल्या.

हे का होतं याचं एक फार नेमकं उत्तर २००९ मध्ये हौतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. खत दिलं की उंच गवतं झपाट्यानं वाढतात आणि खालच्यांचं ऊन खातात. या संशोधकांनी खत घातलेल्या रोपांच्या दाटीत, खालच्या थरात छोटे दिवे लावले. वरचं गवत तेवढंच उंच, खत तेवढंच, फक्त तळाशी थोडा उजेड. बुटक्या जाती टिकल्या. म्हणजे त्या भुकेनं मरत नव्हत्या, सावलीनं मरत होत्या.

आता आसवांकडे परत बघा. त्यांची उंची चार बोटं. गेंदाची तेवढीच, दवबिंदूची त्याहून कमी. कमरेएवढं गवत शेजारी उभं राहिलं तर यांपैकी कुणीही वाचणार नाही. आणि ते गवत इथे उभं राहू शकत नाही, कारण उभं राहायला लागणारं नत्र या मातीत नाही. माती पातळ आहे, म्हणून मूळ धरायला जागा नाही. उन्हाळा कडक आहे, म्हणून वर्षानुवर्षं वाढत जाणाऱ्या मोठ्या झाडांचा इथे निभाव लागत नाही. बलवानाला बळ एकवटता येत नाही, अशी ही जागा आहे. त्या अडवणुकीत लहानांची वस्ती झाली आहे.

इथे पुस्तक मिटून थोडा वेळ बसलात तरी हरकत नाही.

पुढचं जे आहे ते दातांविषयी. कासच्या आसपासच्या गावांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या या सड्यांवर चरत आली. गाय गेंद वेचून खात नाही. ती वर आलेलं, लांब पात्याचं गवत आधी ओढते. जिथे माती थोडी बरी आहे आणि गवत डोकं वर काढू शकतं, तिथे हे दात त्याला खाली ठेवतात.

असं कुणीतरी ‘खाली ठेवणारं’ असण्याचा अर्थ काय, हे रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, मकाह उपसागराच्या खडकाळ किनाऱ्यावर दाखवून दिलं. १९६३ पासून किनाऱ्याच्या एका पट्ट्यातले तारामासे ते उचलून समुद्रात दूर फेकत राहिले. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासे शिंपल्यातले जीव खातात, त्यांतही कालवांसारखे खडकाला चिकटणारे जाड शिंपले. खाणाराच गेल्यावर या शिंपल्यांनी खडक व्यापायला सुरुवात केली. १९६६ च्या त्यांच्या लेखात नोंद आहे: पंधरा जातींच्या जागी आठ उरल्या. एका शिकाऱ्याला काढलं, आणि ज्यांची तो शिकार करतही नव्हता तेही गेले.

आपल्याकडचं उदाहरण जास्त लागतं, कारण तिथे हेतू रक्षणाचा होता. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद झाली. म्हशी गेल्या आणि उथळ पाण्यात पॅस्पॅलम नावाचं गवत माजलं. मोकळं पाणी झाकलं गेलं, आणि त्या पाण्यावर जगणाऱ्या पक्ष्यांना जागा कमी पडू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हे स्पष्ट झालं. कासलाही पर्यटकांची गर्दी वाढल्यावर फुलांच्या भागाला जाळीचं कुंपण पडलं. गुरं थांबली. काही वर्षांत गवत दाट होऊन फुलं मागे हटल्याच्या तक्रारी गावकऱ्यांकडून आणि अभ्यासकांकडूनही येऊ लागल्या, आणि पुढे कुंपण काढलं गेलं.

यावरून गुरं सोडा म्हणजे झालं, असं मात्र मनात घेऊ नका. गुरं शेण टाकतात, म्हणजे खत टाकतात. खूर ओली माती दाबतात. चार गाई आणि चारशे गाई यांत दात तेच असले तरी परिणाम अगदी उलटा होऊ शकतो. फार उलथापालथ नको आणि फार शांतताही नको, मधल्या मापाला जाती सर्वांत जास्त, असं जोसेफ कॉनेल यांनी १९७८ मध्ये मांडलं. ऐकायला ते इतकं पटतं की लोकांनी ते नियमच मानलं. पुढे अनेक ठिकाणी तपासल्यावर कुठे ते जुळलं, कुठे जुळलं नाही. म्हणून मला त्या सूत्रापेक्षा प्रत्येक सड्यावर जाऊन विचारायचा प्रश्न मोलाचा वाटतो: इथे कोण जिंकू पाहतंय, आणि त्याला कोण धरून ठेवतंय?

नशिबाचाही वाटा असतो, तो थोडक्यात सांगतो. खळगा रिकामा असताना कुणाचं बी आधी पडलं, यावरही पुष्कळ ठरतं. स्टीफन हबल यांनी तर २००१ मध्ये असं मांडलं की जातींमधले फरक क्षणभर विसरा. जन्म, मरण, स्थलांतर आणि योगायोग एवढ्यांतूनही जंगलातल्या विविधतेचं चित्र बरंचसं उभं राहतं. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावरच्या पन्नास हेक्टरांत तीनशेच्या आसपास जातींची झाडं मोजत त्यांनी हा विचार घडवला. सड्यावर मला तो पुरेसा वाटत नाही, कारण बोटभर पाण्याचा फरक तिथे डोळ्यांना दिसतो. पण एक सडा आणि दुसरा सडा यांच्यामध्ये दऱ्या आणि जंगलं असतात, म्हणजे सड्यावरच्या रोपाच्या दृष्टीनं प्रत्येक सडा एक बेट असतो. कुठलं बी कुठल्या बेटावर पोचलं, हा इतिहास आहे, आणि त्या लांबलचक इतिहासातच वायतुऱ्यासारखी वनस्पती इथली आणि इथलीच झाली.

आता कासवरून उठा आणि खाली कोकणात या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळांवरही पावसात हेच चालतं: गेंद, आसवं, खळग्यांतले बेडूक. यांतल्या काही कातळांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पंही आहेत. या सड्यांभोवती पर्यटकांची गर्दी नाही आणि कुंपणही नाही. तिथे हापूसची कलमं लावण्यासाठी सुरुंगानं खड्डे पाडतात, बाहेरून माती आणतात, खत देतात. पोट शेतीवर असलेल्या माणसाला मी दोष देणार नाही. आंबा त्याचं घर चालवतो. पण त्या मातीचं काम काय होतं, ते आपण नुकतंच बघितलं आहे. ती खळगे बुजवते, म्हणजे चार-पाच तऱ्हांच्या पाण्यांची एक तऱ्हा करते. ती नत्र आणते, म्हणजे उंच वाढणाऱ्याला बळ देते. रॉथमस्टेडला जे व्हायला वर्षं लागली, ते इथे डंपरच्या काही फेऱ्यांत होतं, आणि तिथल्यासारखं कुणी मोजतही नाही.

म्हणून मननाचा शेवटचा भाग घरी बसून करायचा नाही. येत्या पावसाळ्यात आपल्या गावाजवळचा, कुणाला माहीत नसलेला एक सडा निवडा. त्यावरचा एक खळगा ठरवा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी तिथे जा, तीच वीत बघा आणि वहीत लिहा: पाणी किती बोटं, काय उगवलं, काय फुललं, गवत कुठवर आलं, गुरं आली का, कोण सावलीत गेलं. नाव माहीत नसेल तर चित्र काढा, गावातल्या गुराख्याला विचारा. त्याच्याकडे पुष्कळ नावं असतात. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. ती वही मागून बघा. तिच्यात सड्याचं पान नसेल, तर तुमच्या वहीतली पानं त्या समितीपुढे ठेवा, आणि गावाच्या पडीक जमिनीचं काय करायचं हा विषय ग्रामसभेत निघेल त्या दिवशी हजर राहा.